अम्मानं साचा उचलला

अन्याय झाला तो हलीमाबी कागदी हिच्यावर. ती माझी अम्मा. तो झाला तिची इद्दत, म्हणजे नवऱ्यामागं बाईनं घरात काढायचे दिवस, सुटली त्याच्या दुसऱ्या सकाळी, जुन्नरात, कुकडीकाठच्या आमच्या कागदी मोहल्ल्यात, हौदात लगदा तयार होऊन वाट बघत असताना. करणारा परका कुणी नव्हता. माझा सख्खा चुलता रहीमचाचा होता, आणि त्याच्या मागं अख्खा मोहल्ला हाताची घडी घालून उभा होता. मी तरुणपणी पत्रकं लिहायला लागले तेव्हा एवढंच शिकले, की आधी नाव घ्यायचं, मग वेळ सांगायची, मग गुन्हा. हळहळ शेवटी, जागा उरली तर. तेव्हा गुन्हा सांगते. अम्मा हौदाशी बसली, तिनं साचा पाण्यात बुडवला, आणि चाचानं तो तिच्या हातातून काढून घेतला.

ज्यांनी हातकागद होताना बघितला नाही त्यांना हे किरकोळ वाटेल, म्हणून साचा म्हणजे काय ते सांगायला हवं. एक सागवानी चौकट, आणि तिच्यावर पसरायची गवताच्या काड्यांची बारीक विणलेली चटई. कागदी हौदाच्या काठाशी बसतो, चौकट लगद्याच्या पाण्यात बुडवतो, आडवी वर उचलतो, एकदा पुढं, एकदा बाजूला हलवतो. पाणी गळून जातं आणि चटईवर कागद उरतो. हौदातून वर येईपर्यंत त्याला काही रूप नसतं, आणि वर आला की तो कागद असतो. सगळी कारागिरी त्या एका हिसक्यात. बाकीची कामं बायकांची. कळंबच्या, मंचरच्या मळ्यांतून मोटेचे झिजलेले नाडे आणि फाटक्या गोण्या आणायच्या, त्या सोडवायच्या, निवडायच्या, चुन्यात मुरवायच्या, नदीवर धुवायच्या. ओला कागद चुन्याच्या गुळगुळीत भिंतीवर चिकटवायचा, वाळला की खळ लावायची, आणि मग दगडानं घोटत बसायचं, खांदा भरून येईपर्यंत. एवढं सगळं बाईनं करायचं आणि साचा मात्र पुरुषानं उचलायचा. का, असं विचारलं की एकच उत्तर ठरलेलं होतं, "बाईच्या हातानं लगदा फाटतो."

आमच्या घराला आवाज होता तो ढेकीचा. ढेकी म्हणजे पायानं दाबायचा लांब लाकडी दांडा, त्याच्या टोकाला मोगर. पाय दाबला की मोगर वर, पाय सोडला की खाली लगद्यावर. ढप. ढप. ढप. शिवनेरीची सावली मोहल्ल्यावर उतरायला लागेपर्यंत हा आवाज चालायचा, आणि तो थांबला की आम्हा पोरींना कळायचं की आता भूक लागायला हरकत नाही. मग हुलग्याची शेंगोळी, लसणाचा ठेचा, बाजरीची भाकरी. शुक्रवारी मटणाचा पातळ रस्सा, त्यात मटणापेक्षा बटाटे जास्त. अब्बा जेवताना माझी परीक्षा घ्यायचे. घोटलेल्या कागदाचा तुकडा पुढं टाकायचे आणि म्हणायचे, "जैनू, लिही." शाई पसरली तर खळ कमी पडली, नाही पसरली तर कागद चांगला. मोहल्ल्यातल्या कुठल्याच पोरीला अक्षर येत नव्हतं. मला आलं ते कुणाच्या पुरोगामीपणामुळं नव्हे, शाई फुटते का ते बघायला घरात कुणीतरी हवं होतं म्हणून आलं. बाजारपेठेतले मारवाडी शेठ वह्यांसाठी आमचाच कागद घ्यायचे, आणि घेण्याआधी त्याच्या कोपऱ्याला जीभ लावून बघायचे. खळ नीट बसली असेल तर जिभेला कागद चिकटत नाही. आमच्या धंद्यात डोळ्यापेक्षा जिभेवर विश्वास जास्त.

प्लेगात अब्बा गेले. अम्मानं इद्दतीचे दिवस घरात काढले, एका शब्दानं कुरकुर न करता. पण त्या दिवसांत ती शेजारची ढेकी ऐकत होती, हे मला माहीत आहे, कारण ढेकीचा ताल चुकला की भाकरी थापता थापता तिचा हात थांबायचा. इद्दत सुटली. दुसऱ्या सकाळी ती हौदाशी बसली. चाचा आला तेव्हा चौकट अजून पाण्यातच होती.

"वहिनी, काय चाललंय हे?"

"कागद काढतीया."

"बाईनं साचा उचलला तर हौद बाटतो. मोहल्ला काय म्हनंल?"

"मोहल्ल्याला सांगा, हौद माजा हाय. लगदा मी कुटलाय, घरातल्या घरात. मोटेचे नाडे मी डोक्यावरनं आनलेत कळंबावरनं. तवा कुनी म्हनलं न्हाई, बाईच्या डोक्यानं नाडा बाटतो म्हनून."

 चाचानं वाकून चौकट धरली आणि ओढली. अम्मानं ओढाताण केली नाही. मात्र चौकट सोडण्याआधी तिनं एक केलं. वरची चटई अलगद उचलून घेतली. चाचा रिकामी सागवानी चौकट घेऊन गेला आणि चटई अम्माच्या हातात राहिली, पाणी गळणारी. त्या चटईच्या काड्या अम्मानंच विणलेल्या होत्या. चटई विणणं हेही बायकांचंच काम, हे सांगायचं राहिलं.

त्यानंतर आमच्या हौदाला कुणी हात लावला नाही. नाडे मिळेनात, चुना मिळेना, शेठकडं माल न्यायला कुणी गडी येईना. आणि नेमक्या अशा वेळी रविवारच्या बाजारात तो गोड बोलणारा माणूस भेटला. डोक्याला जरीची टोपी, बोलण्यात सारखं "बाई, बाई." त्यानं कुणाकडून तरी आमची गोष्ट काढून घेतली असणार, कारण तो सरळ मुद्द्यावर आला. फिजी नावाचं बेट आहे, मुंबईहून जरासं पुढं. तिथं कागदाचा मोठा कारखाना आहे. तिथं बाईलाही साचा देतात. या एका वाक्यावर माझी आई विकली गेली. मोहल्ल्यातली एक म्हातारी सांगायला आली, "हलीमा, तिकडं मानसं खात्यात म्हनं." अम्मा बोचकं बांधत होती. ती म्हणाली, "इथं काय सोडत्यात व्हय?"

निघताना चाचा वाटेत भेटला. "कुठं निगालीस पोरीला घिऊन?"

"साचा उचलायला," अम्मा म्हणाली, आणि नारायणगावच्या टांग्यात बसली.

प्रवासाचं आणि उसाच्या मळ्यातल्या वर्षांचं मी इथं थोडक्यातच लिहिते. त्यावर मी पुढं इतकी पत्रकं लिहिली, की घोडेगावच्या बाजारातली पोरं मला बघून "गिरमिट आली, गिरमिट आली" म्हणून ओरडायची. बेट मुंबईच्या पुढं नव्हतं, जगाच्या पलीकडं होतं. रेल्वेनं मद्रास, तिथून जहाज, आणि मग पाणी, पाणी, पाणी. कारखाना होता, पण साखरेचा. गिरमिट म्हणजे आम्हाला बांधून घेणारा पाच वर्षांचा करार; मला लिहिता येत होतं, तरी अंगठाच घेतला. त्यात अम्माचा धंदा काय होता हे कुणी विचारलंच नाही. ती कुली झाली. मीही झाले. पहाटे ऊस, दुपारी ऊस, संध्याकाळी भात आणि तुरीचं पाणी. मी रागानं रडायचे. अम्मा रडायची नाही. तिनं ती गवताची चटई गुंडाळून बरोबर आणली होती. जहाजावरच्या डॉक्टरनं ती फेकायला सांगितली तेव्हा तिनं नमाजाची चटई म्हणून दडपून सांगितलं होतं. मळ्यातल्या खोलीत ती आमच्या डोक्यावर टांगलेली असायची. शेजारच्या बाया विचारायच्या, "हलीमाबहन, ये क्या है?" अम्मा म्हणायची, "मेरा धंदा है." त्या हसायच्या. हसू देत. आज लिहिताना मला वाटतं, त्या सगळ्या खोल्यांत आपला धंदा सांगण्यासारखी खूण जवळ असलेली ती एकटीच होती. बाकीच्यांची चाकं, माग, हातोडे मागंच राहिले होते आणि सरकारी कागदावर सगळे कुली या एकाच शब्दात मावले होते. मला त्या शब्दाची आजही चीड येते. पण अम्माकडं बघितलं की चिडीच्या वर अभिमान तरंगतो, त्याला मी काय करू?

करार संपला तेव्हा आम्ही मोकळ्या झालो. पण परतीचं तिकीट मिळायला तेवढीच वर्षं आणखी त्याच मुलखात काढायची होती. आम्ही नदीकाठी तुकडाभर जमीन खंडानं घेतली, त्यात वांगी, मिरच्या, भात. भाजी घेऊन आम्ही किनाऱ्यावरच्या बाजारात बसायचो. तिथंच लितिया भेटली. लितिया समोरच्या लहान बेटावरची बाई, अम्माच्याच वयाची, काळी, रुंद खांद्यांची, केसांचा मोठा गोल डेरा, हसली की अख्खा बाजार वळून बघायचा. ती मासळी विकायला यायची. एक दिवस ती आमच्या मिरच्या बघायला वाकली, आणि अम्माचं लक्ष तिच्या कमरेकडं गेलं. कमरेला कापड नव्हतं. कापडासारखं काहीतरी गुंडाळलेलं होतं, बदामी रंगाचं, त्यावर काळ्या आणि तांबड्या मातीची नक्षी. अम्मानं ते बोटात धरलं, चोळलं. उजेडाकडं धरून बघितलं. आणि मग भर बाजारात, आजूबाजूला माणसं असताना, कमरेच्या त्या कापडाच्या कोपऱ्याला तिनं जीभ लावली.

लितिया दचकून मागं सरकली. एव्हाना आम्हाला त्यांची भाषा मोडकीतोडकी यायची आणि तिला आमची. ती कमरेवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "तुमच्या लोकांना सांगतात ना, की आम्ही माणसं खातो? बघा, ही बाई कपडे खाते!"

बाजार हसून लोटपोट झाला. मी लाजेनं मेले. अम्माला मात्र काही ऐकूच गेलं नव्हतं. ती माझ्याकडं वळली. तिचे डोळे मी तसे कधी बघितले नव्हते. "जैनू, खळ हाय," ती म्हणाली. "ह्याला खळ लावलीया. हे विनलेलं न्हाई. हे कुटलंय."

पुढच्या आठवड्यात आम्ही लितियाच्या होडीत होतो.

सकाळची वेळ होती, समुद्र निवळशंख, बेट पुढं हिरवं, आणि त्याच्या भोवती पाण्यातल्या खडकांचं पांढरं कडं, त्यावर लाटा फुटत होत्या. होडी त्या कड्यातल्या फटीतून आत शिरली, लाटांचा आवाज मागं राहिला, आणि पाण्यावरून दुसरा आवाज आला. ढप. ढप. ढप. एकाला दुसरा जोडून, तिसरा जोडून, किती हात होते कोण जाणे. अम्मा होडीत उभी राहिली. होडी एका अंगाला कलली, वल्हवणारा ओरडला, लितियानं तिचा पदर धरून खाली ओढलं. अम्मा रडत होती. मळ्यात काठी बसली तेव्हा न रडलेली बाई त्या आवाजाला रडली. "ढेकी," ती म्हणत होती, "ढेकी चाललीया. ऐक की गं, ढेकी."

किनाऱ्यावर उतरलो तरी गावात तसंच शिरायचं नसतं. तिथली रीत अशी, की पाहुण्यानं आधी यंगोना नावाच्या झाडाचं मूळ गावच्या थोरापुढं ठेवायचं आणि आपण कोण, कशासाठी आलो ते सांगायचं. थोरानं ते स्वीकारलं, पोकळ तळव्यांनी गंभीर टाळी वाजवली, की पाहुणा गावचा झाला. मूळ लितियानं बाजारातूनच घ्यायला लावलं होतं. आम्ही चटईवर बसलो. थोर म्हणजे लितियाचा भाऊ तोमासी, पांढऱ्या केसांचा, सुताराच्या हातांचा. त्यानं विचारलं, तुम्ही कोण? मी म्हणणार होते, मळ्यातल्या, कारण इतकी वर्षं तेच उत्तर तोंडात बसलं होतं. अम्मानं मला थांबवलं आणि मोडक्या भाषेत स्वतः सांगितलं, "मी कागद करणारी. माझ्या बापाचा बाप कागद करणारा. माझं गाव जुन्नर." तोमासीनं मान तुकवली आणि टाळी वाजवली. खोल, सावकाश. त्या मुलखात पाय ठेवल्यापासून आमचा धंदा कुणी ऐकून घेतला तो त्या दिवशी पहिल्यांदा, आणि तो ऐकणारे सरकार नव्हते, शिकलेले नव्हते, ज्यांना आमचे मळेवाले रानटी म्हणायचे ते होते. रानटी कोण ते मी पत्रकांत पुष्कळ लिहिलं आहे, इथं पुन्हा लिहीत नाही.

जेवायला जमिनीत तापलेल्या दगडांवर भाजलेल्या अळकुड्या होत्या, नारळाच्या दुधात शिजवलेली पानं, मासे. मोठ्या माणसांसाठी डुक्करही होतं, पण लितियानं आमची पानं आधीच बाजूला मांडली आणि माशाला आपला हात सोडून दुसरा लागू दिला नाही. अम्मा अळकुडी सोलत म्हणाली, "आपल्या परसातलंच अळू की गं हे. येवढं लांब येऊन अळूच खायचं व्हतं." खाऊन झाल्यावर लितिया आम्हाला आवाजाकडं घेऊन गेली.

लांब छपराखाली बायका ओळीनं बसलेल्या. प्रत्येकीपुढं लाकडाचा ओंडका, त्यावर झाडाच्या सालीची ओली पट्टी, हातात खाचा पाडलेली मोगरी. साल कुटत कुटत पसरत जाते, रुंद होते, मऊ होते. मग एक पट्टी दुसरीला जोडायची, कंदाच्या खळीनं चिकटवायची, पुन्हा कुटायची. या कापडाला ते मासी म्हणतात. लग्नात मासी, बाळाला पहिल्यांदा गुंडाळायला मासी, मेलेल्याला निरोप द्यायला मासी. एकीचा हात थांबला तर शेजारची ताल सांभाळते. मी आयुष्यात बायकांना इतक्या ऐटीत काम करताना बघितलं नव्हतं.

लितियानं अम्माला ओंडक्यापुढं बसवलं. पट्टी दिली, मोगरी दिली. आणि अम्मा कुटायला लागली. तिच्या हाताला तर हे काम ओळखीचं होतं. ती कुटत राहिली. पट्टी रुंद झाली, ती थांबली नाही. पातळ झाली, थांबली नाही. शेजारणीनं काहीतरी म्हटलं, अम्माचं लक्ष नव्हतं. आमच्याकडं जेवढं कुटावं तेवढं चांगलं, धागा धाग्यापासून सुटला पाहिजे, पाण्यात विरघळला पाहिजे. त्यांच्याकडं धागा धाग्याला धरून राहिला पाहिजे. बघता बघता ती सुंदर पट्टी फाटली, तिचा चोथा झाला. छपराखालच्या सगळ्या मोगऱ्या थांबल्या.

"मारलीस तिला," लितिया म्हणाली. "ठार मारलीस! झाड इतके दिवस पाणी प्यायलं ते तुझ्यासाठी?" बायका हसायला लागल्या. एक म्हातारी चोथा बोटानं उचलून नाकाला लावायला लागली, जणू माझी आई जेवण बिघडवून बसली होती.

अम्मानं त्या चोथ्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. "जैनू, चटई आन."

चटई होती, चौकट नव्हती. तोमासी बाहेर, छपराच्या कडेला बसून नारळ सोलत होता. लितियानं त्याला हाक मारून सांगितलं, अम्मानं हातानं माप दाखवलं. तो कठीण तांबूस लाकडाची चौकट करायला बसला. दुपार झाली तशी त्यानं ती छपराच्या बाहेरूनच आत सरकवली. अम्मा म्हणाली, "भाऊ, आत या की. बसून बघा." तोमासी हसला आणि मान हलवली. लितिया म्हणाली, "तो नाही यायचा. इथं मासी होते तिथं पुरुष येत नाही. पुरुषाच्या हातानं बिघडते."

हे मी अम्माला मराठीत सांगितलं. तिनं मला पुन्हा सांगायला लावलं. मग ती हसायला लागली. ओंडक्याला टेकून, पोट धरून, पदर तोंडात कोंबून. "रहीमभाऊजींना सांगायला पायजे गं हे," ती म्हणाली, "कुनीतरी सांगा रं त्यांना!" मी तेव्हा तरुण होते आणि मला लगेच पत्रक सुचलं. मी म्हटलं, "अम्मा, मग हेही चुकीचंच की. तोमासीच्या हातानं कशी बिघडेल?" अम्मा हसायची थांबली. "त्यांच्या घरातला कायदा त्यांचा," ती म्हणाली. "आपन पावनं. आपल्या घरात काय करायचं ते आपन बगू." तेव्हा मला हे उत्तर भित्रं वाटलं होतं. ते भित्रं नव्हतं. ते जुन्नरच्या आमच्या हौदाकडं परतीचं तिकीट होतं, हे मला नंतर कळलं.

हौद कुठून आणायचा? किनाऱ्यावर एक जुनी, वापरातून गेलेली होडी पडून होती. बायकांनी ती ओढून ओढ्याशी आणली, घासली, गोड्या पाण्यानं भरली. अम्मानं चोथा आणखी कुटला, पाण्यात सोडला, हातानं ढवळला. पाणी दुधाळ झालं. मग ती होडीच्या काठाशी बसली, जशी आमच्या हौदाशी त्या सकाळी बसली होती तशी. बिस्मिल्ला म्हणाली. चौकट बुडवली. सगळ्या बायका मागं गोळा झाल्या होत्या, पोरं झाडांवर चढली होती, आणि तोमासी त्याच्या सीमेवर उभा होता, मान उंच करून.  लगदा फाटला असता तर? एका चुलत्याचं म्हणणं इतक्या लांब समुद्रापलीकडं खरं ठरलं असतं तर? अम्मानं उचललं. एकदा पुढं. एकदा बाजूला. पाणी सरसर गळलं आणि चटईवर कागद होता. सरळ, सलग, चारी कोपरे भरलेला.

तो पहिला नव्हता असं वाटावं इतका चांगला होता.

भिंत हवी होती. गावात चुन्याची भिंत एकच, त्यांच्या प्रार्थनाघराची. लितियानं तिथल्या उपदेशकाला विचारलं, तो म्हणाला, देवाला चालेल. माझ्या अम्मानं जुन्नरचा कागद समुद्रातल्या प्रवाळाच्या चुन्यावर चिकटवला. वाळला, खळ लावली, शंखाच्या पाठीनं घोटला. मग लितियानं तो हातात घेतला, उजेडाकडं धरला, सगळ्यांकडं एकदा नाटकी डोळे करून बघितलं, आणि कोपऱ्याला जीभ लावली. "वाईट नाही," ती म्हणाली. "पण मासळी बरी." आणि मग एकटीनंच, खोल, सावकाश टाळी वाजवली. मग दुसरीनं. मग सगळ्यांनी.

आम्ही त्या बेटावर नंतर पुष्कळदा जात राहिलो. अम्मानं तिथं कागद काढला, मासीही शिकली, आणि लितिया तिला दर वेळी म्हणायची, "राहा इथंच. घर बांधून देऊ." राहिली असती तर सुखानं राहिली असती. पण तिकिटाचा दिवस आला तेव्हा अम्मा म्हणाली, "लितियाबाई, माजा हौद तिकडं हाय." लितियानं तिला एक लांब मासी दिली. ती आज माझ्या घरात आहे, आणि अम्माच्या मयतीवर कफनाच्या वर, घरातून निघेपर्यंत, तीच होती. मोहल्ल्यातल्या दोघातिघांनी नाकं मुरडली. मुरडोत.

जुन्नरला आलो तेव्हा आमच्या हौदात कुणाच्या तरी म्हशीचा कडबा होता. अम्मानं तो काढला, हौद घासला, आणि मी तिच्याबरोबर कळंबला गेले नाडे आणायला. लगदा तयार झाला तेव्हा तिनं दार सताड उघडं ठेवलं. मोहल्ला जमला.  तोमासीची तांबूस चौकट तिनं हौदात बुडवली आणि उचलली, आणि दिवस मावळेपर्यंत आमची भिंत कागदांनी भरली. रहीमचाचा म्हातारा झाला होता. तो दुसऱ्या दिवशी आला, वाळलेला एक कागद भिंतीवरून सोडवला, कोपऱ्याला जीभ लावली.  "कुनी उचलला ह्यो?"

"मी."

"सगळं?"

"सगळं. भाऊजी, लगदा फाटला का कुठं? बगा नीट."

चाचानं बघितलं, खरोखर बघितलं, कागद उलटापालटा करून. फाटलेलं काही नव्हतं. तो गेला. सकाळी आमच्या दाराशी अब्बांची सागवानी चौकट टेकवून ठेवलेली होती. निरोप नाही, माफी नाही. मी ती आत घेऊन आले, मला वाटलं अम्माला आनंद होईल. अम्मानं तिच्यावरून हात फिरवला आणि ती माझ्या पुढं सरकवली. "ही तुला," ती म्हणाली. "माज्याकडं हाय माजी."

गिरमिटाविरुद्धचं माझं पहिलं पत्रक मी अम्मानं काढलेल्या कागदावर लिहिलं आणि घोडेगावच्या बाजारात चिकटवलं. शाई फुटली नाही. पुढं ते गिरमिट गेलं, आणि त्याचं श्रेय ज्यांनी घेतलं त्यांनी ते खुशाल घ्यावं. पण मला एक अजून मिळालेलं नाही, आणि ते मागायला मी हे प्रकरण लिहिलं. तुमच्या घरातही असं एक हत्यार आहे. कुंभार असाल तर चाक, शेतकरी असाल तर नांगर, वाजंत्री असाल तर सनई, दुकानदार असाल तर गल्ल्यावरची गादी. बाईच्या हातानं ते बिघडतं असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं आहे आणि तुम्ही ते करून कधी बघितलेलं नाही. उद्या सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी, ते तिच्या हातात द्या. मोहल्ल्याला विचारू नका, मला कळवू नका. फक्त द्या, आणि बाजूला उभे राहून बघा, फाटतं का ते.